सदतीस तरंगते खडे

पितळेच्या मोठ्या परातीत थंड पाणी होतं आणि त्या पाण्यावर हिरवे खडे तरंगत होते. हरभऱ्याएवढे, वाटाण्याएवढे, दोन-चार तर चांगले सुपारीएवढे. ते बघायला पानिपतच्या अलीकडे, हायवेपासून दोन किलोमीटर आत, उसाच्या शेतांमधल्या त्या मांडवात संक्रांतीच्या दुपारी सहा-सातशे माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुणी सोनिपतहून आलं होतं, कुणी मानेसरच्या कारखान्यातली पाळी बुडवून आलं होतं, आणि पुढच्या चार रांगा दिल्लीहून बस करून आलेल्या मराठी मंडळींनी अडवल्या होत्या. सकाळी काला अंबला जाऊन पानिपतच्या वीरांना फुलं वाहायची आणि परतीच्या वाटेवर शांताराममहाराजांचं दर्शन घ्यायचं, असा त्यांच्या मंडळाचा गेल्या तीन वर्षांचा रिवाज होता.

महाराज व्यासपीठावर बसून परातीतला एकेक खडा चिमटीत धरून दाखवत होते. पित्ताशयात खडे झालेला माणूस डॉक्टरकडे गेला की डॉक्टर पोट फाडतो, आणि इथे मात्र तीन दिवस सफरचंदाचा रस, चौथ्या संध्याकाळी महाराजांचं खारं पाणी आणि वर महाराजांचंच तेल लिंबू पिळून, की सकाळी खडे आपोआप बाहेर, असं त्यांचं म्हणणं. "पत्थर पानी में क्या करता है?" त्यांनी विचारलं. मांडव एका आवाजात म्हणाला, डूबता है. "और जिस पर कृपा हो जाए?" मांडव म्हणाला, तैरता है. मग महाराजांनी रामसेतूची गोष्ट सांगितली, आणि समुद्रावरचे दगड आणि परातीतले हे खडे एकाच जातीचे कसे, ते डोळे मिटून समजावलं. लोकांनी हात जोडले. आदल्या दिवशी शौचाच्या भांड्यातून वेचून, धुऊन आणलेल्या वस्तूला माणसं हात जोडत होती, हे एकालाही विचित्र वाटत नव्हतं.

चौथ्या रांगेत मांडीवर स्टीलचा डबा आणि पायाशी थर्मास ठेवून प्रमोदिनी बसली होती. तिनंही हात जोडले होते. आतून मात्र ती दात-ओठ खात होती, आणि गेलं वर्षभर खात होती.

कारण बरोबर वर्षापूर्वी तिची धाकटी बहीण कुमुद याच मांडवातून हसत घरी गेली होती, आणि प्रजासत्ताकदिनाच्या सकाळी हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात वारली.

कुमुदला पित्ताशयात खडे होते. दोनदा मरणाचं दुखलं होतं, सर्जननं ऑपरेशनची तारीखसुद्धा दिली होती. ती तारीख रद्द करायला लावली सरलानं. सरला मंडळाची कार्यवाह, बोलायला गोड, कामाला वाघीण, आणि महाराजांची सगळ्यात मोठी भक्त. महाराजांचे पूर्वज भाऊसाहेबांच्या फौजेतले वैद्य होते, लढाईनंतर इथेच राहिले, खड्यांचं औषध ही त्यांची घराण्याची विद्या, हे दिल्लीतल्या मराठी घराघरांत पोचवलं ते तिनंच. महाराजांना मराठीचे शब्द येत होते सात की आठ. पण परमुलखात पन्नास-पन्नास वर्षं काढलेल्या माणसांना तेवढे पुरले. ज्या मंडळींनी सरकारी नोकरीत कुणाच्या बापावर विश्वास ठेवला नाही, फाइलवर दहा-दहा शेरे मारले, त्यांनी हायवेवरच्या एका माणसाला त्याचा एकही कागद न मागता आपला म्हटलं. पानिपतचं नाव घेतलं की आमच्या लोकांचा गळा दाटतो आणि गळा दाटला की डोकं चालत नाही, हे त्या लबाडानं बरोबर ओळखलं होतं.

कुमुदनं औषध घेतलं, खडे पडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी तिला पोटात कळ आली ती पाठीत घुसली, आणि उलट्या थांबेनात. तिचा नवरा दिनकर रेल्वे बोर्डातला साधा सरळ माणूस, त्यानं सरलाला फोन केला. सरलानं महाराजांना विचारून सांगितलं की उरलेले खडे निघतायत, दुखणारच, इंजेक्शन घेतलंत तर ते अडकतील. असे चार दिवस गेले. प्रमोदिनी बंगळूरला मुलाकडे होती. ती विमानानं आली तेव्हा कुमुदचे डोळे पिवळे झाले होते आणि लघवी बंद झाली होती. पित्ताशयातून निसटलेला खडा नळीच्या तोंडाशी अडकला होता आणि शेजारचं स्वादुपिंड आपल्याच रसात जळत होतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी आणलं असतं तर.

तेही एक वेळ प्रमोदिनीनं गिळलं असतं. पण तेराव्याला सरला दारात बसून, डोळ्यांना पदर लावून सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "महाराज म्हणाले, पथ्य मोडलं. कुमुदनं माझ्याच हळदीकुंकवाला तिळगूळ खाल्ला ना, तोच बाधला." अर्धा लाडू खाल्ला होता कुमुदनं, आणि तोही सरलानंच आग्रह करून तिच्या हातावर ठेवलेला. मेलेल्या बाईवर तिच्याच मरणाचा आळ घालून ती घरी गेली. बायका माना हलवत तिच्या मागून गेल्या. त्या दिवसापासून प्रमोदिनीनं तिळगूळ तोंडात घातला नव्हता, आणि याचा हिशेब चुकता करीन, असं ती रोज रात्री झोपताना स्वतःला बजावत होती.

सूड घ्यायची वाट सापडली मे महिन्यात. दिनकर कुमुदच्या वस्तू आवरत असताना देव्हाऱ्यामागे एक चांदीची डबी निघाली. खडे घरी ठेवायचे नाहीत, पडले की थंड पाण्यात घालून लगोलग आश्रमात आणायचे आणि कालव्यात विसर्जन करायचं, असा महाराजांचा नियम होता. कुमुदनं तो मोडून प्रसाद म्हणून चार खडे ठेवून घेतले होते. दिनकरला ती डबी उघडवेना, म्हणून त्यानं ती प्रमोदिनीला आणून दिली. तिनं झाकण काढलं तर आत खडे नव्हतेच. तळाशी हिरवट, चिकट तेल साचलं होतं आणि त्याला खवट वास येत होता.

बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. दिल्लीच्या मे महिन्यात लोणी वितळतं, मेण वितळतं, डांबर वितळतं. दगड वितळत नाही.

प्रमोदिनीनं केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तेलं, तुपं आणि साबण तपासले होते. तिनं बोट बुडवलं, नळाखाली धरलं आणि दुसऱ्या बोटानं चोळलं. फेस आला. ती तशीच बेसिनपाशी उभी राहिली आणि कुमुद गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यांदा रडली. मग हात पुसून तिनं कॅलेंडर पाहिलं. महाराज औषध देत ते देवदिवाळीपासून होळीपर्यंतच. उन्हाळ्यात पित्त तापतं, तेव्हा विद्या चालत नाही, म्हणे. चालेल कशी? भक्तांच्या ओंजळीत देवाचा दगड विरघळून गेला असता.

आणि दुसरी एक गोष्ट होती, जी दिनकर सोडला तर दिल्लीत कुणालाच ठाऊक नव्हती. ती आठवली तेव्हा प्रमोदिनीला चक्क हसू आलं.

डिसेंबरात ती स्वतःहून सरलाकडे गेली. म्हणाली, माझं चुकलं, गेलेल्या माणसासाठी जिवंत माणसाशी वैर धरण्यात अर्थ नाही, मलाही जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं, मला महाराजांकडे घेऊन चल. सरलानं तिला मिठी मारली. महाराजांनी पोटावर हात फिरवून सांगितलं की पित्ताची थैली खड्यांनी गच्च भरली आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवसापर्यंत प्रमोदिनीनं सगळं नीट, वेळेवर घेतलं. खारं पाणी म्हणजे जुलाबाचं मीठ आहे हे तिला पहिल्याच घोटाला कळलं. त्या आदल्या दिवशी सकाळी, एरवी सांगायलाही लाज वाटेल अशा ठिकाणी, तिनं हातमोजे घालून सदतीस खडे मोजले आणि फ्रिजमध्ये ठेवले.

तर असा तो डबा तिच्या मांडीवर होता. महाराज उघडा पाडायचा आणि त्याच मांडवात सरलाला मान खाली घालायला लावायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण सकाळी काला अंबला एक भलतीच गोष्ट घडली होती, आणि त्या गोष्टीनं सगळा बेत ढवळून टाकला होता.

स्मारकापाशी ऊन चांगलं पडलं होतं. सरला स्वेटरवर शाल आणि शालीवर दुसरी शाल घेऊन तिळगूळ वाटत होती, आणि तरी कुडकुडत होती. मधूनच ती तळहात खाजवायची. प्रमोदिनीच्या हातावर लाडू ठेवताना तिनं मान वर केली, आणि उन्हात तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसला. प्रमोदिनीनं लाडू पर्समध्ये टाकला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, दुखतंय का? सरला म्हणाली, चार दिवस थोडं दुखतंय, ताप येतो-जातो, महाराज म्हणाले की पित्त उतरतंय, ते आतून बाहेर पडताना अंग पिवळं करतं. आणि मग अभिमानानं सांगितलं की परवाच्या सोनोग्राफीत थैलीतला खडा दिसलाच नाही, आज महाराज तो रिपोर्ट सगळ्यांना दाखवणार आहेत.

खडा दिसला नाही. प्रमोदिनीला कुमुदचे डोळे आठवले. थैलीत दिसेनासा झालेला खडा गेला कुठे, हे तिला सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

इथे खरं सांगायला हवं. काला अंबच्या त्या हिरवळीवर प्रमोदिनीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की राहू दे. अजून दोन दिवस राहू दे हिला अशीच. हिलाही चार दिवस घरात ठेवून कुणीतरी सांगू दे की खडे निघतायत. हा विचार तिनं चांगली पाच मिनिटं मनात घोळवला आणि तो तिला गोड लागला. मग सरला बाकावर टेकली आणि तिनं नवऱ्याकडे पाणी मागितलं, तेव्हा तिचे दात ग्लासवर वाजले. कुमुदचेही असेच वाजले होते. प्रमोदिनी बाजूला गेली आणि मंडळातल्याच एका कुटुंबातली सर्जन, डॉ. अहिल्या, हिला तिनं फोन लावला.

अहिल्यानं दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं, की नळी तुंबून आत पू झाला असणार, आज म्हणजे आजच यायला हवं. पानिपतातच सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू करून घ्या, तोंडानं काही देऊ नका आणि तिथून सरळ इकडे आणा. उद्यावर टाकलं तर मी हमी देत नाही.

प्रमोदिनीनं सरलाला सांगून पाहिलं, तिचा नवरा भालचंद्र याला सांगून पाहिलं. सरला म्हणाली की महाराजांनी हो म्हटल्याशिवाय मी सुई टोचून घेणार नाही. भालचंद्र अवर सचिव म्हणून निवृत्त झालेला, बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस. तो म्हणाला, आश्रमात पोचलो की विचारू. म्हणजे आता सरलाचा जीव वाचवायचा तर आधी तिचा महाराज मोडायला हवा होता, आणि तोही तासाभरात. सूड आणि शुश्रूषा दोन्ही एकाच डब्यात आली होती.

व्यासपीठावर सरलाला खुर्ची देऊन बसवलं होतं. भालचंद्रही वरच होता, पण त्याचं विचारायचं अजून तसंच राहिलं होतं. महाराजांनी तिचे दोन रिपोर्ट उंच धरले, एकात खडा, दुसऱ्यात नाही. मांडवानं जयजयकार केला. सरला थरथरत हसली. मग आजचे खडे अर्पण करायची वेळ आली आणि सरलानंच नाव पुकारलं, प्रमोदिनीताई.

प्रमोदिनी वर गेली. महाराजांनी डबा परातीत उपडा केला. खडे बुडाले, वर आले, तरंगले. शिष्यानं मोजून सैंतीस सांगितले. महाराजांनी डोळे मिटून तिच्या उजव्या बरगडीखाली तळवा धरला आणि माइकवर जाहीर केलं की थैली रिकामी झाली.

"महाराज, नीट बघा. नक्की दिसते ना थैली?" प्रमोदिनीनं हिंदीत विचारलं.

"बिल्कुल दिख रही है, ताई. काँच जैसी साफ. एक दाना नहीं."

"आकार बरोबर आहे?"

"नाशपाती जैसी होती है. सुंदर थैली है आप की."

प्रमोदिनीनं पर्समधून प्लॅस्टिकच्या कव्हरातला एक कागद काढला आणि भालचंद्रच्या हातात दिला. म्हणाली, तुम्ही आयुष्यभर कागद वाचलेत, हा मोठ्यानं वाचा. भालचंद्रनं सवयीप्रमाणे आधी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, सही कुणाची ते पाहिलं, आणि मग माइकसमोर वाचायला लागला. नागपूरच्या एका हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद होता. अकरा वर्षांपूर्वीचा. रुग्णाचं नाव प्रमोदिनी. निदान, पित्ताशयातील खडे. शस्त्रक्रिया, दुर्बिणीतून पित्ताशय संपूर्ण काढून टाकले. इथे तो थांबला, चष्मा वर केला आणि तीच ओळ परत वाचली. मग कुणीतरी ती हिंदीत सांगितली.

मांडवात कुजबूज सुरू झाली.

"माझ्या पोटात ती थैली अकरा वर्षं नाहीच," प्रमोदिनी म्हणाली. "खडे आले कुठून? आणि हे आत्ता बघत होते ते काय?"

महाराज कच्चा गडी नव्हता. त्यानं एक दीर्घ श्वास घेतला, डोळे आभाळाकडे लावले आणि म्हणाला की हाच तर चमत्कार, औषधानं थैली पुन्हा उगवली. आणि काय सांगावं, मागून एक म्हातारा खरोखर 'जय हो' म्हणाला, दोघी-तिघींनी परत हात जोडले. माणसाला एकदा फसायची गोडी लागली की तो फसवणाऱ्याला शब्द पुरवतो, थकला तर पाणीही देतो. प्रमोदिनीला याचीही कल्पना होती. तिनं थर्मास उघडला.

दोन काचेचे पेले तिनं आणलेच होते. दोन्हीत तिनं गरम पाणी ओतलं, चहाला लागतं तेवढंच गरम. एका पेल्यात परातीतले पाच हिरवे खडे टाकले. दुसऱ्यात तिनं पर्समधल्या बाटलीतून एक तपकिरी, खडबडीत गोळी टाकली. नागपूरच्या सर्जननं तिला दिलेला तो तिचा स्वतःचा, खराखुरा खडा होता. मग ती पेल्यांपासून एक पाऊल मागे सरली. पुढच्या रांगा उठून जवळ आल्या. हिरव्या खड्यांच्या कडा आधी मऊ झाल्या, मग ते चपटे झाले आणि बघता बघता पाण्यावर हिरव्या तेलाचा तवंग पसरला. तपकिरी गोळी होती तशी होती.

"तुम्ही जे तेल पिता, तेच आतड्यात जाऊन पाचक रस आणि क्षार यांच्याबरोबर घट्ट होतं. त्याचा साबण होतो," तिनं सांगितलं. "हिरवा रंग पित्ताचा. तेल हलकं, म्हणून तरंगतं. खडा असो नसो, थैली असो नसो, जो पिईल त्याला हे पडणार. या महाराजांनाही पडतील. आणि उन्हाळ्यात दुकान बंद का, ते आता तुमचं तुम्हीच सांगा."

तिनं तो तवंग बोटावर घेतला, परातीतल्या पाण्यात हात बुडवून चोळला आणि फेस आलेले दोन्ही हात महाराजाच्या तोंडासमोर धरले. मानेसरच्या कारखान्यातली पोरं पहिल्यांदा हसली. हसू मागे मागे पसरत गेलं. शिष्यानं माइक काढून घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याच पोरांनी त्याला धरून खाली बसवलं.

पण प्रमोदिनीचं लक्ष आता महाराजाकडे नव्हतं. तिनं भालचंद्रचा दंड धरून त्याला सरलाच्या खुर्चीपाशी नेलं आणि मांडवाची कनात एका हातानं वर केली. उन्हाची तिरीप सरलाच्या तोंडावर पडली.

"भालचंद्रराव, बायकोचे डोळे बघा. थैलीतला खडा गेला नाही, खाली नळीत उतरलाय आणि तिथं अडकलाय. म्हणून पिवळेपणा, म्हणून थंडी-ताप. माझी कुमुद अशीच चार दिवस घरात होती."

भालचंद्रनं पाहिलं. मग त्यानं चाळीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला न विचारता एक निर्णय घेतला. तिला उचललंच त्यानं. सरलानं महाराजाकडे पाहिलं. महाराज मागच्या पडद्याआड जात होता, आणि त्यानं एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ते सरलानं पाहिलं हे फार बरं झालं.

जाण्याआधी प्रमोदिनीनं एक काम उरकलं. पडद्याच्या दाराशी तिनं महाराजाला गाठलं आणि सकाळचा तो तिळगुळाचा लाडू त्याच्या हातात कोंबला. आमच्यात हा देताना काहीतरी गोड म्हणायची रीत आहे. ते तिनं म्हटलं नाही.

"खा," ती म्हणाली. "यानं माणूस मरत नाही."

पुढचं थोडक्यात. पानिपतात सलाइन लावली आणि दिवेलागणीला सरला दिल्लीच्या हॉस्पिटलात पोचली, तेव्हा तिचा रक्तदाब घसरायला लागला होता. तासाभरात पोटविकाराच्या डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घातली, नळीचं तोंड जरासं कापलं आणि अडकलेला खडा ओढून काढला. त्याच्यामागून पू आला. आणखी एक दिवस, अहिल्या म्हणाली, आणि ही आपल्याला मिळाली नसती. ताप उतरल्यावर सहाव्या दिवशी अहिल्यानं पोटाला चार छोटी भोकं पाडून पित्ताशयच काढून टाकलं. त्यात सोनोग्राफीत न दिसलेले आणखी अकरा बारीक खडे होते, तपकिरी, खडबडीत, एकही न तरंगणारे. महाराजाच्या औषधानं त्यांतल्या एकाचाही टवका उडाला नव्हता.

महाराजावर फिर्याद झाली. दिनकरनं कुमुदची फाइल दिली, प्रमोदिनीनं साबण दिला. चौकशीत निघालं की पानिपतच्या वैद्याचे वंशज वगैरे काही नाही, हा मेरठकडे साबणाच्याच कारखान्यात मुकादम होता. तो जामिनावर सुटला आहे आणि खटला चालू आहे. प्रत्येक तारखेला प्रमोदिनी सकाळची बस पकडून जाते आणि पहिल्या बाकावर, त्याला दिसेल अशी बसते. थकत नाही का, असं कुणी विचारलं तर ती नाही म्हणते.

सरला मात्र घरी आल्या आल्या प्रमोदिनीकडे आली. पाय धरायला वाकली, तर प्रमोदिनीनं पाय मागे घेतले. म्हणाली, "माफी मला नको. ती जिची मागायची, ती नाही. रथसप्तमीचं हळदीकुंकू माझ्या घरी आहे. तेराव्याला दारात ज्या बायका होत्या, त्या सगळ्यांना बोलावलंय. तिथे ये."

सरला आली. अजून वाकून चालत होती. चौरंगावर गरम पाण्याचे दोन पेले मांडले होते आणि सरलानं स्वतःच्या हातानं एकात महाराजाच्या परातीतून आणून ठेवलेले हिरवे खडे टाकले, दुसऱ्यात स्वतःचे अकरा. बायका वाकून बघत होत्या. हिरवे वितळून गेले तेव्हा सरला बोलायला लागली.

"गेल्या वर्षी मी कुमुदच्या दारात बसून म्हणाले होते की ती तिळगूळ खाऊन गेली. ते खोटं होतं. ती माझ्या सांगण्यानं गेली. तिला चार दिवस घरात मी ठेवलं, आणि नंतर तिच्यावर आळ मीच घातला."

दिनकर आतल्या खोलीच्या दारात उभा होता, तो भिंतीला टेकला. प्रमोदिनीला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला आनंद होईल. आनंद झाला नाही, पण वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

त्या वर्षी वाण म्हणून प्रमोदिनीनं वाट्या दिल्या नाहीत, डबे दिले नाहीत. फ्रिजवर चिकटवायचा एक कागद दिला. उजव्या बरगडीखाली किंवा वरच्या पोटात कळ येऊन पाठीत गेली, उलट्या थांबल्या नाहीत, डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, तर कुणालाही न विचारता हॉस्पिटल गाठा. वाट बघू नका. देवाला नंतर विचारा, तो रागावणार नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला तर तो घरी घेऊन या, गरम पाण्यात टाकून बघा. जे खरं आहे ते गरम पाण्याला घाबरत नाही. कागदाच्या तळाशी कुमुदचं नाव होतं आणि तिच्या जन्ममृत्यूच्या तारखा होत्या.

सरला सगळ्यांत शेवटी निघाली. दारात तिनं पदराआडून तिळगुळाची पुडी काढली आणि हात पुढे केला, पण रीतीचे शब्द काही तिच्या तोंडून फुटेनात. प्रमोदिनीनं एक लाडू उचलला, त्याचे दोन तुकडे केले, अर्धा कुमुदच्या फोटोपुढे ठेवला आणि उरलेला अर्धा सरलासमोर उभं राहून चावून चावून खाल्ला.